उतरताना डावा हात

सोमवार, ४ मार्च

मुलीस,

तुला यापुढे फोन करणार नाही असं मी म्हटलं होतं आणि तो शब्द मी पाळते आहे. पत्राबद्दल काही म्हटलं नव्हतं, म्हणून हे पत्र. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. पण एक गोष्ट अशी घडली आहे की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि शेजारच्या शिंप्याला सांगावी तर तो मशीनवरून मान वर न करता "हो का, काकू" एवढंच म्हणतो.

आधी खुशाली. मी उत्तम आहे. सध्या खाली बैठकीच्या खोलीत झोपते, कारण वर उकडतं. अजून उन्हाळा लागलेला नाही हे मलाही कळतं, पण मला उकडतं.

आता गोष्ट. आज सकाळी दार वाजलं. बाहेर एक बाई, हातात पिवळं हेल्मेट, कमरेला मोजपट्टी. मोजपट्टी दिसल्याबरोबर माझं डोकं फिरलं, कारण गेल्या खेपेला माझ्या घरात मोजपट्टी आली होती ती तुझ्याबरोबर, आणि सोबत तो घरं विकत घेणारा गृहस्थ होता. मी दार लावूनच घेत होते. पण बाई म्हणाल्या, "आजी, विकायला नाही, नीट करायला आलोय."

त्या एका संस्थेच्या सुपरवायझर निघाल्या. जी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं स्वतःच्याच घरात राहतात आणि ज्यांना डागडुजी झेपत नाही, त्यांची घरं ही मंडळी फुकट दुरुस्त करून देतात. का, तर माणसाला म्हातारपणी घर सोडावं लागू नये. मी विचारलं, माझं नाव तुम्हाला कुणी दिलं? तर म्हणाल्या, तुमच्यासाठी विनंती आली आहे. मी म्हटलं, मी कुणाला विनंती केलेली नाही, मी विनंती करणाऱ्यातली बाई नाही. त्यावर त्या हसल्या. विनंती कुणी केली ते सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे.

तुझे बाबा मला 'चौकशी खातं' म्हणायचे ते तुला आठवत असेल. अशा बाईला 'सांगायचं नाही' म्हणणं म्हणजे काय, तूच विचार कर. मी त्यांना आत घेतलं ते घरासाठी नव्हे, ते नाव काढून घेण्यासाठी.

नाव मिळालं नाही. उलट त्यांनीच मला प्रश्न विचारले. चक्कर येते का, डोळ्यांना कसं दिसतं, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला हात पोचतो का, उजव्या हाताच्या की डावऱ्या. मी म्हटलं उजव्या हाताची, या घरात उजव्या हाताची मी एकटीच होते. त्यांनी माझ्या चालण्याकडे बराच वेळ पाहिलं. रात्री आखडून झोपले होते असं मी सांगितलं.

जाताना एक अट सांगून गेल्या. न्हाणीघर वर आहे, म्हणजे जिना टाळता येणार नाही. काम संपलं की मी त्यांच्यासमोर जिना चढून-उतरून दाखवायचा. जमलं तर मी इथेच राहायचं. नाही जमलं तर संस्था माझ्यासाठी 'दुसरी सोय' बघेल. दुसरी सोय म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

आई


मंगळवार, १२ मार्च

मुलीस,

काम सुरू झालं आहे आणि मला एवढी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

इतकी वर्षं या जमिनीवर मी चालले, केर काढला, तुला रांगायला सोडलं, पण ती खालून कशी दिसते ते कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळ्या दबत होत्या, त्या सुताराने उचकटल्या. मी बॅटरी घेऊन स्टुलावर बसले आणि वाकून पाहत राहिले. सुतार म्हणाला, "आजी, सावली पडतेय." मी बॅटरी त्याच्या बाजूला धरली, पण जागेवरून हलले नाही. खाली काय असेल म्हणतेस? एक कंगवा, तुझ्या बाबांच्या पेन्सिलींची थोटकं, आणि नक्षीचा तो मोठा चमचा. तुझ्या आत्याने नेला असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगून बसले होते, तो. आता आत्याला कोणत्या तोंडाने सांगू? चमचा घासून परत फळीवर ठेवला आहे आणि ती आली की नेमका तोच वाढायला घेणार आहे. बघू ओळखते का.

सुतार जाडजूड आहे आणि कामात असताना नाकाने गातो. हातोडीच्या दांड्याने लाकूड ठोकून पाहतो, चांगलं लाकूड टणक वाजतं आणि आतून खाल्लेलं असेल तर पोकळ. मला आता नादच लागला आहे. कपाटं ठोकून पाहिली, पलंग पाहिला, काल शिंप्याचं टेबलही ठोकून पाहिलं. आतून पोकळ आहे. त्याला सांगितलं तर त्याला राग आला.

प्लंबर आला तो न्हाणीघरात चक्रावला. गरम पाण्याचा नळ भलत्या बाजूला, चाव्या उलट्या फिरतात, साबणाची खाच कोपराला लागते. त्याने मला हाक मारून विचारलं, हे कुठल्या शहाण्याने बसवलं? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने. बिचारा गोरामोरा झाला. मग मी त्याला समजावलं, की ते डावरे होते. या घरातलं एकूण एक काम त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने केलं, आणि ज्याचा हात त्याची सोय. कड्या, खुंट्या, नळ, सगळं डाव्या हाताला. लग्न होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मी दाराच्या मागेच शोधत राहायचे की कडी गेली कुठे. मग सवय झाली. पुढे तूही डावरी निघालीस आणि घरात माझं अल्पमत झालं.

प्लंबर विचारत होता, नळ सुलट करून देऊ का? मी नको म्हटलं. आता सुलट केले तर मी भाजून घेईन. धरायला स्टीलचा दांडा मात्र लावून घेतला, आणि घसरत नाहीत अशा फरश्या. मी सुपरवायझरबाईंना विचारलं, भिंतींना रंग देणार का, तर म्हणाल्या, आजी, आम्ही घर देखणं करत नाही, त्यात कुणी पडू नये एवढंच बघतो. थोडं वाईट वाटलं. फिकट निळा मनात होता.

विनंती कुणी केली याचा तपास चालू आहे. शिंप्यावर माझा दाट संशय आहे. त्याला आडून विचारलं, उभं विचारलं, चहाला बोलावून विचारलं. तोंडात गुळणी धरल्यासारखा बसतो. शेवटी म्हणाला, "काकू, मी फक्त शिवतो." ज्याने काही केलेलं नाही तो माणूस असं बोलेल का? पण शिंप्याला संस्था कुठून ठाऊक असणार, हाही प्रश्न आहेच.

आई


बुधवार, २० मार्च

लेकी,

आज जिन्यातला जुना दांडा काढला. सुताराने तो भिंतीशी टेकवून ठेवला आणि मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून राहिले. आता तुला खरं सांगायला हवं, नाहीतर हा दांडा माझ्याकडे असाच बघत राहील.

मी वर उकडतं म्हणून खाली झोपत नाही. मी पडले होते. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी, जिना उतरताना. हाडबीड मोडलं नाही, डॉक्टरांनी पाहिलं. कमरेवर केवढा तरी काळानिळा डाग होता, तो आता पिवळा पडला आहे. पडले तेव्हा उठता येईना. भिंतीवर थापा मारत राहिले, त्या शिंप्याने पलीकडून ऐकल्या आणि मागच्या दाराने आत आला. तेव्हापासून वर जायचं तर मी पायरी-पायरीवर बसत जाते, आणि उतरतेही तशीच. लहानपणी तू उतरायचीस ना, अगदी तशी.

हे लपवलं ते तू काळजी करशील म्हणून नव्हे. इतकी साधी मी नाही. लपवलं, कारण माझा पाय घसरला नव्हता. तुझ्या बाबांनी लावलेला दांडा भिंतीतून निसटून माझ्या हातात आला.

आपलं भांडण झालं त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस ते मला शब्दाला शब्द आठवतं. "आई, बाबांनी केलेलं सगळं सुटत चाललंय. एक दिवस तो दांडा तुझ्या हातात येईल." आणि मी म्हटलं होतं की माझ्या घराचा भाव करायला आलेल्यांनी मला दांड्याचं शिकवू नये, आणि यापुढे माझा फोन येणार नाही. तू गेलीस. मी दांडा हलवून पाहिला, तो हलत होता. तरी सुताराला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर तू खरी ठरली असतीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

पण एक गंमत सांगू? आज सुताराने तो दांडा ठोकून पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टणक वाजला. लाकडाला काही झालेलंच नाही. भिंतीत ज्या लोखंडी पकडी होत्या त्या गंजून गेल्या. तुझ्या बाबांचं लाकूड चांगलं आहे, हे मला तुला कळवावंसं वाटलं.

नवा दांडा उद्या लागेल. तो स्टीलचा आहे, उतरताना उजव्या हाताला. मी उजव्या हाताची आहे म्हणून. जिना दोन भिंतींच्या मध्ये इतका चिंचोळा आहे की दोन्हीकडे दांडे लावले तर मी मधे अडकून बसेन, तेव्हा एकच. जुना टाकून द्यायचा नाही असं सुताराला बजावून ठेवलं आहे. तो म्हणाला, आजी, याचं काय करणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय? मला दुसऱ्याच्या चौकशा आवडतात, स्वतःच्या नाहीत.

आई


बुधवार, २७ मार्च

डावरे,

आज या नावाने हाक मारते आहे, त्याला कारण आहे. पण क्रमाने सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

आज जिन्याची परीक्षा होती. मी नवी चप्पल घातली होती, केस बांधले होते. सुपरवायझरबाई खाली उभ्या होत्या आणि सुतार माझ्यामागून चढून वरून चौथ्या पायरीपाशी थांबणार होता. बाई म्हणाल्या, परीक्षा समजू नका, रोज जशा चढता-उतरता तसंच करा. चढले. छान चढले. वर जाऊन थोडा दम घेतला. रोज जसं म्हणजे रोज जसं, म्हणून पलंगावरच्या धुवायच्या चादरी उचलल्या, उजव्या हाताने पोटाशी धरल्या आणि उतरायला लागले.

दुसऱ्या पायरीवर माझा डावा हात आपणहून भिंतीकडे गेला. तिथे काही नव्हतं. चादरी सुटल्या, मी पुढे गेले आणि सुताराने मला अक्षरशः झेललं. जाडजूड आहे म्हणून बरं. त्याने मला हळूच पायरीवर बसवलं आणि तो स्वतःही खालच्या पायरीवर बसला. मला फक्त लाज वाटत होती.

सुपरवायझरबाई सुताराला ओलांडून वर आल्या. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, आजी, आपल्याला दुसऱ्या सोयीबद्दल बोलावं लागेल. मी तुला सांगते, पडले तेव्हाही मी रडले नव्हते, पण तेव्हा रडले. मी म्हटलं, मला इथून नेऊ नका, मला या घराशिवाय काही येत नाही. हे मी परक्या बाईला म्हटलं. तुला कधी म्हटलं नाही. तुला म्हटलं असतं तर कदाचित तू मोजपट्टी घेऊन आली नसतीस.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, तुम्ही उजव्या हाताच्या ना, मग डावा हात का गेला? मी माझ्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग एकेक आठवत गेलं. दांडा होता तो डावीकडे, आणि माझा उजवा हात या जिन्यात कधी रिकामा नव्हताच. चादरी असायच्या, नाहीतर पाण्याची बादली. तुझ्या बाबांच्या आजारपणात औषधांचं ताट असायचं. त्याच्याही आधी उजव्या कडेवर तू असायचीस. सगळ्या जगात मी उजव्या हाताची आहे, फक्त या जिन्यात डावरी आहे. मलाच माहीत नव्हतं!

आणि तेव्हा बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, फोनवर मला हेच सांगितलं होतं. आई उजव्या हाताची आहे, पण दांडा उतरताना डावीकडेच लावा. मला वाटलं, बोलण्यात चूक झाली असेल."

'आई' असं म्हणाल्या त्या, नेहमीसारखं 'आजी' नव्हे. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी नाक पुसलं. सुताराकडे पाहिलं, तो चादरींची घडी घालत होता. मी आतापर्यंत शिंप्याचा पिच्छा पुरवला, डॉक्टरांना छेडलं, गल्लीतल्या किराणावाल्यालाही सोडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी उतरताना कोणत्या हाताने काय धरते हे कोण सांगू शकेल? जी माझ्या कडेवरून हा जिना उतरली, तीच. आणि मी पडले हे तिला कुणी कळवलं, तेही आता उघड आहे. 'मी फक्त शिवतो' म्हणे.

पण मी अजून नाव घेतलेलं नाही. पुराव्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही. (चमच्याचं सोडून दे.)

बाईंनी पुन्हा एक संधी दिली आहे. दांडा डावीकडे घ्यायचं ठरलं. मी सुताराला विचारलं, जुनाच लावता येईल का? त्याने तो पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत ठोकला, कान लावला, आणि म्हणाला, लाकूड माझ्याहून जास्त टिकेल, फक्त पकडी नव्या लागतील.

तुझी आई


गुरुवार, ४ एप्रिल

डावरे,

दांडा लागला. तुझ्या बाबांचं लाकूड आणि संस्थेचं लोखंड. सुतार त्याला दोन्ही हातांनी लोंबकळला, भिंतीतून साधी धूळसुद्धा पडली नाही. मग म्हणाला, आजी, माझं वजन पेललं, तुमचं काय घेऊन बसलात.

मी वर गेले. चादरी घेतल्या, उजव्या हाताने पोटाशी धरल्या. डावा हात गेला तिथे दांडा होता. लाकूड जिथे माझ्या हाताने गुळगुळीत झालं आहे तीच जागा बरोब्बर हाताखाली आली. मी उतरले. सुपरवायझरबाई म्हणाल्या, अजून एकदा. मी अजून एकदा उतरले. मग त्यांनी न सांगताच तिसऱ्यांदा चढायला लागले तेव्हा त्यांनीच मला थांबवलं.

मी इथेच राहणार आहे. हे वाक्य मी आज सकाळपासून मोठ्याने म्हणून बघते आहे. शिंप्यालाही भिंतीवर थाप मारून सांगितलं. या वेळी तो 'हो का, काकू' म्हणाला नाही. मशीन थांबवून आला आणि जिना बघून गेला. तुझ्याबद्दल मी त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही, पण आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

निघताना सुपरवायझरबाई म्हणाल्या, आता शेवटची एक गोष्ट. एकट्या राहणाऱ्या माणसाला घर ताब्यात देताना आम्ही एक नंबर मागतो. काही झालं तर ज्याला फोन केला की तो उठून येईल, अशा माणसाचा.

शिंप्याचा द्यावा असं आधी मनात आलं. तो जवळ आहे, थापा ऐकतो. पण त्यांनी विचारलं होतं, उठून कोण येईल. आणि दोन वर्षं मी जिच्याशी बोलले नाही तिचा नंबर मी न अडखळता सांगितला. मला तो पाठ आहे. फोन करायचा नाही म्हटलं म्हणून नंबर विसरला जातो असं थोडंच आहे.

बाई लिहून घेत होत्या. अर्ध्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "हा तर आमच्याकडे आहे, आजी." आणि मग त्यांनी जीभ चावली.

मी काही विचारलं नाही. ऐकते आहेस ना? आयुष्यात पहिल्यांदा मी काही विचारलं नाही. बाई घाईघाईने हेल्मेट उचलून निघाल्या आणि मी दारात उभी राहून त्यांना कोपऱ्यापर्यंत जाताना बघत राहिले. घर विकायला आलेली आणि घर वाचवायला फोन करणारी, दोन्ही तूच. मला ही दोन माणसं वेगळी वाटत होती. दोन्ही वेळा तुला मी पडायला नको होते, एवढंच होतं ना? हा प्रश्न मात्र मी विचारते आहे. उत्तर मला ठाऊक असलं तरी ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

मी आजपासून पुन्हा वर झोपणार आहे. फोन खालीच आहे, जुन्या जागी. मी तुला फोन करणार नाही, तो शब्द दिलेला आहे आणि माझा स्वभाव तू जाणतेस. पण वाजला तर उचलीन. मी आता धरून धरून, हळू उतरते. तेव्हा लगेच ठेवून देऊ नकोस, जरा वेळ वाजू दे.

तुझी आई